न दिसणाऱ्या वस्तूची मोजपट्टी

एप्रिल १९७७ मध्ये ‘जर्नल ऑफ मार्केटिंग’मध्ये आलेल्या एका लेखाने विपणनशास्त्राच्या अभ्यासकांना अस्वस्थ केले. लेखिका जी. लिन शोस्टॅक प्राध्यापक नव्हत्या. त्या सिटीबँकेत अधिकारी होत्या. या शास्त्राची सारी परिभाषा साबण आणि मोटारींवरून घडली असून बँकेच्या कामाला ती लागू पडत नाही, असा त्यांचा आक्षेप होता. मूर्त आणि अमूर्त घटक एकत्र कसे बांधलेले असतात हे दाखवण्यासाठी त्यांनी रेणूची उपमा वापरली. उपमा सैल होती, प्रश्न मात्र नेमका होता.

तोवर सेवा ही वस्तूहून वेगळी असते, हेच सिद्ध करण्यात अभ्यासकांची शक्ती खर्च होत होती. मोजपट्टी हाती आल्यावर वादाचे स्वरूप पालटले. टेक्सास ए अँड एम विद्यापीठातील ए. परशुरामन, व्हॅलेरी झाइथमल आणि लिओनार्ड बेरी यांनी १९८५ मध्ये सेवेच्या गुणवत्तेचे प्रारूप मांडले. आयआयटी मद्रासमध्ये अभियांत्रिकी शिकलेले परशुरामन मोजमापाकडे वळले, यात नवल नाही. १९८८ मध्ये त्यांची ‘सर्व्हक्वाल’ प्रश्नावली आली. मूळच्या ९७ विधानांपैकी २२ उरली आणि ती पाच गटांत बसली: मूर्त साधने, विश्वसनीयता, तत्परता, आश्वासकता व सहानुभूती. ग्राहकाची अपेक्षा आणि त्याला आलेला अनुभव, दोन्ही सात अंशांच्या श्रेणीवर नोंदवायचे आणि अनुभवातून अपेक्षा वजा करायची. उरेल ती गुणवत्ता.

ही वजाबाकीच वादाचे मूळ ठरली. प्रयोगशाळेत वावरलेल्याला कारण लगेच उमगेल: दोन मोजमापांच्या वजाबाकीत दोन्हींच्या चुका उतरतात आणि ती मोजमापे परस्परांशी निगडित असतील, तर उरलेला फरक फारसा भरवशाचा राहत नाही. १९९२ मध्ये क्रोनिन व टेलर यांनी अपेक्षा वगळून केवळ अनुभव मोजावा, असे सुचवले. प्रश्न निम्मे झाले आणि त्यांच्या आकडेवारीत निष्कर्ष अधिक सरस आले. १९९४ मध्ये मूळ लेखकांनी उत्तर दिले: नेमके कुठे उणे पडते, हे फरकाशिवाय व्यवस्थापकाला कळणार कसे?

भारतातील बँका, रुग्णालये आणि ग्रंथालयांवरील प्रबंधांत हीच २२ विधाने आजही भेटतात. तेथे एक अडचण अधिक तीव्र होते. सरकारी रुग्णालयाकडून ज्याने फारशी अपेक्षाच ठेवली नाही, त्याला नुसती खाट मिळाली तरी वजाबाकी शून्यावर येऊ शकते. प्रश्नावलीत ‘उत्कृष्ट संस्थे’कडून काय अपेक्षित आहे, असे विचारलेले असते खरे, पण अशी संस्था ज्याने कधी पाहिलीच नाही, तो रुग्ण सातपैकी कोणत्या आकड्यावर खूण करील?