मराठी मुलखातील ब्राउनिंग पिस्तूल

शस्त्र परमुलखातून आले की बहुधा त्याचे नावही त्यासोबत येते, आणि त्या नावावरून शस्त्राच्या वाटेचा माग काढता येतो. 'तोफ' हा शब्द फारसीच्या द्वारे तुर्कीतून मराठीत आला; 'बंदूक' हा मूळचा अरबी. 'पिस्तूल' आणि 'काडतूस' हे मात्र पोर्तुगीजांचे देणे होय. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होती, आणि खाडीच्या दक्षिणेस आजच्या मीरा-भाईंदरच्या टापूतही १७३७ च्या मराठी मोहिमेपर्यंत त्यांचाच अंमल चालत होता. हे ध्यानात घेतले म्हणजे या शब्दांचे आपणांस नवल वाटू नये.

'ब्राउनिंग' या शब्दाची जात निराळी. ते एका व्यक्तीचे नाव आहे. जॉन मोझेस ब्राउनिंग (१८५५–१९२६) हा अमेरिकेतील युटा प्रांताच्या ऑग्डेन गावचा. त्याचा पिताही बंदुका घडविणारा कारागीर होता. कोल्ट, विंचेस्टर, ब्राउनिंग ही नावे त्या देशात घरोघर रुळली, कारण तेथे बंदूक ही वसाहतकऱ्याच्या संसारातील एक वस्तू होती. ब्राउनिंगचे स्वयंचलित पिस्तूल मात्र प्रथम बेल्जममधील हर्स्टालच्या कारखान्यात मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागले. त्याच्या १९०० सालच्या नमुन्याचे काडतूस ७.६५ मिलिमीटरचे असून मुठीतील पेटीत अशी सात काडतुसे मावत. बार उडताच रिकामे काडतूस आपोआप बाहेर पडे व दुसरे त्याची जागा घेई. रिव्हॉल्व्हरचे फुगीर चक्र नसल्याने हे शस्त्र चपटे, म्हणूनच लपविण्यास सोयीचे होते.

लपविण्याची ही सोय हिंदुस्थानात निर्णायक ठरली. १८७८ च्या शस्त्रविषयक कायद्याने परवान्यावाचून शस्त्र बाळगणे हा येथील प्रजेस गुन्हा ठरला होता. युरोपियनांस त्यातून सूट होती. जे शस्त्र अमेरिकेत भिंतीवर टांगले जाई, ते येथे पेटीच्या चोरकप्प्यातूनच यावयाचे. १९०९ च्या आरंभी विनायक दामोदर सावरकरांनी पॅरिसहून मिळविलेली वीस ब्राउनिंग पिस्तुले व काडतुसे अशीच मुंबईस पोहोचली. लंडनच्या इंडिया हाउसमधील स्वयंपाकी चतुर्भुज अमीन याच्या सामानातील पेटीच्या खोट्या तळाखाली ती दडविलेली होती.

त्याच वर्षी जूनमध्ये बाबाराव सावरकरांस जन्मठेपेची शिक्षा झाली. त्यांना खटल्यासाठी पाठविणारे नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांच्या निरोपादाखल २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात देवलांच्या 'शारदा' नाटकाचा प्रयोग ठेवला होता. तेथे अनंत कान्हेरे यांनी ब्राउनिंग पिस्तुलाने जॅक्सन यांचा वध केला. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. सावरकरांस दोन जन्मठेपी, म्हणजे पन्नास वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्यांतील दुसरी या वधास साहाय्य केल्याबद्दल होती, आणि तिच्या मुळाशी हीच पिस्तुले होती.

अशा रीतीने अमेरिकेत कारागिराची कीर्ती सांगणारे नाव मराठीत खटल्याच्या कागदांतून शिरले. तेथे त्याचे संकेत शिकार, शेतवाडी आणि स्वसंरक्षण हे होते. येथे गुप्तता, आरोप आणि बलिदान हे झाले. शब्द एकच, परंतु कायद्याने त्याचा अर्थ पालटला. शब्दाचा अर्थ केवळ कोशात ठरत नाही, तो वस्तू कोणाच्या हाती असू द्यावयाची या निर्णयानेही ठरतो, याचे हे ठळक उदाहरण होय.

आणखी एक गोष्ट अभ्यासकाने विसरू नये. जॅक्सन हे संस्कृतज्ञ होते. त्यांनी जमविलेल्या सामग्रीवरून एन्थोव्हेन यांनी सिद्ध केलेला कोकणच्या लोकसमजुतींवरील ग्रंथ १९१५ साली प्रसिद्ध झाला, आणि लोकवाङ्मयाच्या अभ्यासकास तो आजही उपयोगी पडतो. शस्त्राचा इतिहास लिहावयाचा तर नळीच्या दोन्ही बाजूंच्या माणसांची नोंद ठेवणे इतिहासकारास प्राप्त आहे. त्याने हुतात्म्यांचे मोल उणावत नाही. त्या प्रसंगाची किंमत किती होती, एवढे मात्र नीट उमगते.