संदेशशोध साधन (चॅट)

एआय एजंटला चॅटमधले जुने मेसेज शोधून, हवे तेवढेच काढून देणारी सॉफ्टवेअरमधली सोय. एजंट स्वतः ग्रुप चाळत नाही. कोणता ग्रुप, कोणत्या तारखांमधले मेसेज, कोणता शब्द आणि जास्तीत जास्त किती मेसेज, एवढी मागणी तो साधनाकडे नोंदवतो. साधन मजकूर, पाठवणारा आणि वेळ परत करते. मागणी कशी करायची आणि उत्तरात काय मिळेल, हे ज्यात लिहिलेले असते तो साधनाचा दस्तऐवज. एरवी असा दस्तऐवज प्रोग्रामर वाचतो. इथे तो एजंटही दर कामाच्या वेळी वाचतो आणि त्यावरून पुढचे पाऊल ठरवतो. त्यामुळे दस्तऐवजात राहिलेली उणीव थेट लोकांना मिळणाऱ्या उत्तरात उतरते.

एजंट आणि साधने जोडण्यासाठी अँथ्रॉपिक कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल खुला केला. सोबत दिलेल्या पहिल्या तयार जोडण्यांत स्लॅक या चॅटची जोडणी होती. या पद्धतीत प्रत्येक साधनाला नाव, साध्या भाषेतले वर्णन आणि मागणीचा साचा असतो.

मराठी वस्त्यांतल्या ग्रुपांवर हे साधन चालवायचे तर कसोटी कुठे लागेल, हे मुंबईतल्या गोवंडीवरून नीट कळते. महापालिकेच्या एम-पूर्व विभागातल्या या भागात शिवाजीनगर, बैंगनवाडी, रफीनगर अशा वस्त्या आहेत आणि लगत १९२७ पासूनची देवनारची कचराभूमी. तिथे जानेवारी २०१६ मध्ये मोठी आग लागली. २०२२ च्या अखेरीस गोवरच्या साथीची सर्वाधिक झळ याच भागाला बसली. जैववैद्यकीय कचरा जाळणाऱ्या इथल्या प्रकल्पाविरुद्ध रहिवाशांची संघटना उच्च न्यायालयात गेली आणि २०२३ मध्ये तो प्रकल्प दोन वर्षांत इथून हलवण्याचा आदेश मिळाला. अशा लढ्यात कोणत्या रात्री धूर आला, कोणत्या गल्लीत आला, मुलांना खोकला कधी सुरू झाला, याची तारीखवार नोंद लागते. ती नोंद ग्रुपवर शेकडो ‘गुड मॉर्निंग’च्या खाली दबून जाते. ती वर काढणारे साधन म्हणूनच फार मोलाचे आहे.

समजा, एजंटला विचारले की मागच्या महिन्यात धुराच्या तक्रारी किती आल्या. साधन ‘धूर’ हीच अक्षरे शोधत असेल, तर ‘धुराने डोळे चुरचुरतायत’ हा मेसेज त्याला दिसणार नाही. विभक्ती लागताच दीर्घ ऊ ऱ्हस्व होतो. ‘पाणी’ शोधल्यावर ‘पाण्याचा’ हाती लागत नाही, कारण तिथेही विभक्तीमुळे शब्दाचे रूप बदलते. ‘कचऱ्याला’मधला ऱ्या संगणकात दोन तऱ्हांनी साठवला जातो, डोळ्यांना दोन्ही सारखे, यंत्राला वेगळे. शिवाय कोणी रोमन अक्षरांत आपापल्या स्पेलिंगने लिहितो, कोणी ‘धुआँ’ लिहितो, कोणी उर्दू लिपीत. अनेक जण तर बोलूनच पाठवतात, आणि त्या व्हॉइस नोटमध्ये शोधायला मजकूरच नसतो. अर्थाच्या जवळिकीवरून शोधणारी पद्धत इथे जास्त उपयोगी पडते, पण मोजणीला ती चालत नाही. ती जवळचे ठरावीक, समजा वीस, मेसेज देते. सगळे देत नाही. दस्तऐवजाने हे एजंटला स्पष्ट सांगितलेच पाहिजे.

वेळेचा घोटाळाही असाच. स्लॅक प्रत्येक मेसेजची वेळ १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत ठेवते. त्यावरून जागतिक प्रमाणवेळेने तारीख काढली, तर पहाटे चारला गोवंडीतून आलेला मेसेज आदल्या दिवसाच्या खात्यात जातो, कारण आपली वेळ साडेपाच तास पुढे आहे. रात्रीच्या धुराची तक्रार अशी एक दिवस मागे सरकली की तिचा वाऱ्याच्या किंवा हवेच्या मोजणीशी मेळ बसत नाही.

चॅटनुसार मर्यादा बदलतात. स्लॅकमध्ये चॅनेलचा, म्हणजे ग्रुपचा, इतिहास मागितला की थ्रेडमधली उत्तरे येत नाहीत. ती वेगळी मागावी लागतात. कचऱ्याची तक्रार वर दिसते, ‘गाडी येऊन गेली’ हे उत्तर दिसत नाही. मे २०२५ पासून स्लॅकच्या अधिकृत दालनाबाहेर विकल्या जाणाऱ्या नव्या ॲप्सना मिनिटाला एकच मागणी आणि दर वेळी फार तर पंधरा मेसेज, अशी वेसण आहे. टेलिग्रामचा बॉट मागचा इतिहास मागवूच शकत नाही. न उचललेले नवे मेसेज त्याच्यासाठी चोवीस तासच राखले जातात. व्हॉट्सॲपवर २०१६ पासून मेसेज दोन टोकांमध्ये कुलूपबंद असतात, त्यामुळे ग्रुपमधल्या सदस्याने चॅट एक्स्पोर्ट करून देणे हाच सरळ मार्ग उरतो.

म्हणून चांगल्या दस्तऐवजात तीन उत्तरे वेगळी ठेवलेली असतात: शोधले आणि काही नव्हते; शोधले, पण मर्यादेमुळे पुढचे मेसेज राहिले; शोधताच आले नाही. तिन्हींना एकच रिकामी यादी परत करणारे साधन वापरू नये. एजंट तिचा अर्थ ‘तक्रार नाही’ असा लावतो, आणि तेच वाक्य वॉर्ड ऑफिसच्या अहवालात गेले तर वस्तीचे म्हणणे कागदावरून पुसले जाते.

सुरक्षेचा मुद्दा याला लागूनच येतो. ग्रुपमधला कोणताही मेसेज एजंटला उद्देशून लिहिलेला हुकूम असू शकतो. चॅनेलमध्ये पेरलेल्या मजकुराने स्लॅकच्या एआयकडून खाजगी माहिती बाहेर काढता येते, हे ऑगस्ट २०२४ मध्ये सुरक्षा-संशोधकांनी दाखवले. मिळालेले मेसेज ही फक्त माहिती आहे, आज्ञा नव्हे, असे वर्णनातच लिहितात. तेवढ्याने धोका टळत नाही, म्हणून असे मेसेज वाचणाऱ्या एजंटला बाहेर काही पाठवण्याची मुभा देताना माणसाची परवानगी मध्ये ठेवतात.

ग्रुपमध्ये आजारपणे, घरातली भांडणे, फोन नंबर असे सगळे असते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमती आणि माहिती पुसून घेण्याचा हक्क आहे. सदस्याने मेसेज डिलीट केला तर तो साधनाने शोधासाठी करून ठेवलेल्या सूचीतूनही जायला हवा, आणि त्याला किती वेळ लागतो हे दस्तऐवजात लिहायला हवे.