आपल्या वहीचं बासन

हातातलं काम चालू द्या, फक्त कान इकडे असू द्या. आज मी आमच्या गटाची वही समोर घेऊन बसले आहे. तिला गोधडीचं कव्हर आहे. रेडिओवर तुम्हाला ते दिसायचं नाही, म्हणून सांगते. बाराजणींच्या जुन्या साड्यांचे बारा तुकडे आणि वरून पांढरा धावदोरा. ते का शिवलं हे पुढे येईलच. आधी कापड आणि कागद यांचं नातं किती जुनं आहे ते पाहू.

जुनी पोथी म्हणजे सुटी पानं. खाली-वर लाकडी फळी ठेवायची आणि सगळं चौकोनी कापडात बांधायचं. त्या कापडाला म्हणतात बासन. कसर लागू नये म्हणून आत वेखंड ठेवायची रीत होती. पोथी हातानं उतरवायची, त्यात दिवसचे दिवस जायचे. म्हणून तेल, पाणी आणि सैल बांधणी यांपासून पोथी जपा, अशी विनवणी लिहिणाऱ्यानं शेवटच्या पानावर केलेली पुष्कळदा आढळते. आज एखादी योजना रखडली की आपण म्हणतो, ‘बासनात गुंडाळली’. मूळचं बासन मात्र जपण्यासाठी होतं.

राज्यकारभाराच्या कागदांचंही तसंच. पेशव्यांच्या काळातले हिशेब आणि पत्रं पुण्याच्या पुराभिलेखागारात आहेत. ते कागद रुमालांत बांधून ठेवलेले. हा रुमाल तोंड पुसायचा नव्हे, गठ्ठा बांधायचं मोठं कापड. अशा हजारो रुमालांचं मिळून पेशवे दप्तर. त्यातल्या निवडक कागदांचे ४५ खंड रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी १९३० नंतरच्या काही वर्षांत संपादित केले. दप्तर हा शब्द फारसीतून आला, अर्थ कागदपत्रं. आपल्याकडे तो पोरांच्या शाळेच्या पिशवीला चिकटला.

आता विचार करा, या कागदांत आपल्यासारख्या बाईचं नाव किती? राणीचं, सरदाराच्या घरच्या बाईचं सापडेल. शेतात राबणारीचं क्वचितच. सावकाराच्या खतावणीत नाव घरधन्याचं. दिवाळीत वहीपूजन व्हायचं, हळदकुंकू बाई वाहायची, पण त्या वहीत तिचं खातं नसायचं.

मग तिनं आपली आठवण ठेवली कुठे? वाकळीत. माझी आई वाकळ उन्हात टाकताना सांगायची, हा तुकडा आजीच्या लुगड्याचा, हे तुझं दुपटं, ही मामानं घेतलेली साडी. लिहिता येत नव्हतं, पण कापडावर बोट ठेवून ती घराचा इतिहास वाचायची.

कागद आपल्या हाती यायला वेळ लागला. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. त्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ताबाईनं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला, तो १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. शिकायला मिळाल्यावर इतक्या थोड्या वर्षांत मुलगी किती ठामपणे लिहू शकते, ते त्यात दिसतं.

सगळ्यांना शाळा कुठे मिळाली? खानदेशातल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. दळताना, शेतात राबताना त्या गाणी रचायच्या. घरातल्यांनी ती ऐकून उतरवून घेतली. १९५१ साली त्या गेल्या. मुलगा सोपानदेव यांनी ती गाणी आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली पुस्तक निघालं. ते कागद कुणी चुलीत घातले असते, तर आज बहिणाबाई आपल्याला कुठून भेटल्या असत्या?

आपल्या गटाची वहीही याच वाटेवरची. १९९२ साली नाबार्डनं ५०० गट बँकेशी जोडायचा प्रयोग सुरू केला. पुढे गावोगाव गट झाले. आपल्या पंचसूत्रीत बैठक, बचत, अंतर्गत कर्ज आणि परतफेड यांच्या जोडीला पाचवं सूत्र आहे, नियमित हिशेब लिहिणं. गावातल्या कितीतरी जणींचं स्वतःचं नाव, स्वतःच्या पैशासमोर, पहिल्यांदा लिहिलं गेलं ते या वहीत.

आणि तीच वही आम्ही नीट ठेवली नाही. एका पावसाळ्यात फडताळात गळतीचं पाणी शिरलं, शाई पसरली. आमच्या एका मावशीनं कर्जाचे सात हप्ते फेडले होते, वहीत चारच वाचता येईनात. तिच्या पासबुकात नोंद करायचं माझ्याकडूनच राहून गेलं होतं. भर बैठकीत मी तिला दोनदा विचारलं, ‘मावशी, नक्की भरलेत का?’ ती काही न बोलता उठून गेली. बँकेच्या भरणा पावत्या जुळवल्यावर हिशेब लागला. मावशी खरी होती. मी घरी जाऊन माफी मागितली. तरी दोन महिने ती बैठकीला आली नाही.

त्यानंतर नवी वही आणली आणि कव्हर शिवायचं ठरलं. पहिला तुकडा मावशीच्या साडीचा लावला.

करायला सोपं आहे. वही मिटलेली असतानाच तिच्याभोवती कापड गुंडाळून माप घ्या, उघड्या वहीवर घेतलं तर कव्हर तंग होतं. उंचीला एक इंच जास्त, दोन्ही बाजूंना आत दुमडायला तीन-तीन इंच. नवं कापड किंवा खण असेल तर आधी धुऊन घ्या, रंग जातो आणि कापड आटतं. वर तुकडे, मध्ये जुन्या साडीचे दोन पदर, खाली अस्तर. कडेकडेनं आत येत धावदोरा घाला. चहूबाजूंनी गोट लावा. मग दोन्ही टोकं आत दुमडून वर-खाली शिवा, म्हणजे वहीचे पुठ्ठे त्यात बसतात. बांधायला नाडी किंवा गुंडी.

एक ध्यानात ठेवा. गोधडी धूळ आणि तेलाचे हात अडवते, पाणी मात्र पिते. म्हणून पावसाळ्यात कव्हरासकट वही प्लास्टिकच्या पिशवीत, कोरड्या जागी ठेवा. आणि कव्हर कितीही देखणं असलं तरी राहिलेली नोंद ते करत नाही. ती आपणच करायची.

तर पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं वीतभर जुनं कापड आणा. सोबत पासबुकही आणा. शिवायला बसण्याआधी आपापली नोंद वहीशी ताडून पाहा. वाचता येत नसेल तर शेजारणीकडून मोठ्यानं वाचून घ्या. नाव आपलं आहे, पैसा आपला आहे, मग वहीत काय लिहिलंय तेही आपल्याला ठाऊक असायला हवं.