शंभर विद्यांची साखळी

ज्या नगराच्या राजघाटाला तापीचे पाणी लागते, त्या बुऱ्हाणपुरात पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात अली मुत्तकी नावाचा विद्वान जन्मास आला. पुढे तो मक्केस जाऊन राहिला व तेथेच १५६७ साली निवर्तला. त्याच्यापूर्वी इजिप्तमधील सुयूती ह्या पंडिताने हदीसवचनांचा प्रचंड संग्रह केला होता. परंतु त्यातील बराचसा भाग वचनांच्या आद्याक्षरांनी लावलेला असल्यामुळे, ज्याला वचन आधीच ठाऊक असेल त्यालाच ते सापडे. अली मुत्तकीने ही सामग्री विषयवार लावून ‘कन्झुल-उम्माल’ हा ४६ हजारांहून अधिक वचनांचा ग्रंथ सिद्ध केला. ज्ञानाकडे जाणारी वाट त्याने मोकळी केली. कोशकाराचे खरे काम ते हेच.

मराठीला कोशकारांची वाण कधीच पडली नाही. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी १९२० पासून ज्ञानकोशाचे २३ खंड सिद्ध केले आणि पहिल्याच प्रस्तावनाखंडाला ‘हिंदुस्थान आणि जग’ असे नाव दिले. दे. द. वाडेकरांनी संपादिलेला तत्त्वज्ञान-महाकोश १९७४ साली पुण्यास प्रसिद्ध झाला. वाईस तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी ह्यांच्या नेतृत्वाखाली तयार होत असलेल्या विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. पुढे तो कोश आंतरजालावरही आला. मराठी विकिपीडिया तर २००३ पासून तेथेच वाढत आहे. कागदावरील कोशाला पृष्ठांची मर्यादा असे. ही अडचण आता उरलेली नाही. तेव्हा कोणते दालन रिकामे राहिले आहे, हे पाहण्याची जबाबदारी अधिकच वाढली आहे.

असे एक दालन म्हणजे चीन, जपान व कोरिया ह्या देशांचे आधुनिक तत्त्वज्ञान होय. कन्फ्यूशस, लाओ-त्झू व बौद्ध आचार्य मराठी वाचकाला परिचित आहेत. परंतु गेल्या दीडशे वर्षांत तेथे कोणी कोणता विचार मांडला, हे त्याला क्वचितच ठाऊक असते. ह्या उणिवेतून एक गैरसमज जन्मास येतो. पूर्वेचा विचार प्राचीन काळीच संपला व पुढे विचार केला तो केवळ युरोपने, असे वाटू लागते. हेगेलने खऱ्या तत्त्वज्ञानाचा आरंभ ग्रीसपासून मानला आणि चीन व भारत ह्यांना उंबरठ्याबाहेर ठेवले. ह्या अन्यायाबद्दल भारतीयांनी तक्रार केली ती रास्तच होती. पण आपणच शेजाऱ्याला तसेच वागविले, तर त्या तक्रारीला बळ कोठून यावे?

ह्या दालनाची पहिली नोंद एका शब्दाची असू शकेल. निशी अमाने हा जपानी विद्वान १८६३ साली हॉलंडमधील लायडन येथे शिकावयास गेला. परत आल्यावर, १८७० च्या सुमारास, त्याने एक व्याख्यानमाला दिली. तिचे नाव ‘शंभर विद्यांची साखळी’. युरोपीय भाषांतील ‘एन्सायक्लोपीडिया’ ह्या शब्दाचेच ते रूपांतर होते. तत्त्वज्ञानासाठी ‘तेत्सुगाकू’ हा शब्दही त्यानेच घडविला व तो १८७४ साली छापला गेला. तीच दोन अक्षरे पुढे चीन व कोरियाने स्वीकारली; उच्चार मात्र आपापला ठेवला.

अशा नोंदी इंग्रजीवरून घाईने उतरवून चालणार नाही. क्योतोचा निशिदा कितारो (१८७०–१९४५) ह्याचा ‘झेन नो केन्क्यू’ हा ग्रंथ १९११ साली प्रसिद्ध झाला. निशिदा स्वतः ध्यानसाधना करीत असे. त्यामुळे ‘झेन’ हा शब्द पाहताच हा ग्रंथ झेन पंथावरील असावा असे वाटते. वस्तुतः येथील ‘झेन’ म्हणजे ‘शुभ’. त्याचे जपानी अक्षरही वेगळे आहे. देवनागरीत दोन्ही शब्द सारखेच दिसतात, म्हणून एका ओळीचा खुलासा आवश्यक ठरतो. नावांचेही तसेच. फुंग यू-लान व फेंग योउलान ही चीनच्या एकाच तत्त्वज्ञाची रोमन लिपीतील दोन पद्धतींवरून आलेली नावे आहेत. परस्परनिर्देश नसेल तर वाचक त्यांना दोन व्यक्ती समजेल.

मराठी कोशाला काही दुवे असे देता येतील, जे परभाषेतील कोशाला सहसा सुचणार नाहीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ ह्या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते. आधुनिक चीनचा अग्रगण्य विचारवंत हू श १९१५ ते १९१७ ह्या काळात तेथेच शिकला. दोघांचेही गुरू जॉन ड्यूई. ड्यूईंचे ऋण आंबेडकरांनी १९३६ च्या जातिनिर्मूलनावरील प्रबंधात मान्य केले आहे. हू शने १९१९ पासून चीनमध्ये ड्यूईंच्या व्याख्यानांचा दुभाषी म्हणून काम केले. एका वर्गातून निघालेला विचार दोन देशांत कोणत्या वाटांनी गेला, हे दाखविणारी नोंद मराठी वाचकाला किती जवळची वाटेल! ल्यांग शुमिंग पेकिंग विद्यापीठात भारतीय तत्त्वज्ञान शिकवीत असे. १९२१ च्या आपल्या ग्रंथात त्याने पश्चिम, चीन व भारत असे मानवी जीवनाचे तीन मार्ग कल्पिले. चीनने आपल्याविषयी इतका विचार केला, हे आपण जाणून घ्यावयास नको काय?

ह्या कार्यास मोठ्या निधीची वा कचेरीची गरज नाही. जपानी वा चिनी जाणणारा एक, तत्त्वज्ञान जाणणारा दुसरा आणि मराठी शुद्ध लिहिणारा तिसरा, असे तिघे एकत्र आले तरी महिन्यास एक नोंद पुरी होऊ शकेल. तिच्यात स्तुती नको. निशिदाच्या काही शिष्यांनी जपानच्या युद्धनीतीला दिलेला पाठिंबाही तितक्याच स्पष्टपणे नमूद झाला पाहिजे. अली मुत्तकीने विखुरलेले विषयवार लावले, निशीने विद्यांना साखळीची उपमा दिली. त्या साखळीतील पूर्वेची कडी मराठीत अजून जोडावयाची आहे.