अचल पडदे आणि नवशिक्याची हत्यारे

सतारीवरील सुंद्री आणि गिटारवरील पडदा ही एकाच कुळातील भावंडे असली, तरी त्यांचे स्वभाव अगदी भिन्न आहेत. सुंद्री दोऱ्याने बांधलेली असते. राग बदलला की वादक ती केसभर वर वा खाली सरकवतो. तंजावरी वीणेचे 24 पडदे मेणात बसवलेले असतात. मेण जुने झाले की कारागीर ते काढून पडदे नव्याने मांडतो. गिटारचा पडदा मात्र लाकडात करवतीने खाच पाडून ठोकलेला असतो. त्याची जागा चुकली तर ती चूक वाद्याबरोबर राहते. म्हणूनच झिजलेले पडदे स्वतः बदलू पाहणाऱ्या नवशिक्यापुढे हत्यारांचा जो प्रश्न उभा राहतो, तो केवळ खरेदीचा नाही. पडदा अचल कसा झाला, हे ठाऊक असल्यावाचून कोणते हत्यार आधी हाती घ्यावे आणि कोणते मुळीच घेऊ नये, हे उमगत नाही.

आरंभी गिटारचे पडदेही चल होते. सोळाव्या शतकातील युरोपात ल्यूट आणि गिटार या वाद्यांच्या मानेभोवती जनावराच्या आतड्याची तात गुंडाळून गाठ मारीत. पडदा झिजला की तात तोडायची आणि दुसरी बांधायची. एक सुरी एवढेच त्या कामाचे हत्यार. परंतु गाठ कोठे मारावी याला नियम हवाच होता. सुप्रसिद्ध गॅलिलिओचे वडील विन्चेन्झो गॅलिली हे स्वतः ल्यूटवादक होते. त्यांनी 1581 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अठरास सतरा हे प्रमाण पुरस्कारिले. तारेच्या उरलेल्या लांबीचा अठरावा भाग मोजावा आणि तेथे पडदा बांधावा, मग पुन्हा उरलेल्याचा अठरावा भाग, असा तो सुटसुटीत हिशेब. यात किंचित उणेपणा आहे. सप्तकाचे बारा समान भाग करणारा अचूक भाजक सुमारे 17.817 आहे. तार 650 मिलिमीटर लांबीची असेल तर बारावा पडदा 325 मिलिमीटरवर यावयास हवा. अठराच्या नियमाने तो सुमारे 322.6 वर येतो. मात्र बोटाने दाबताना तार ताणली जाऊन स्वर थोडा चढतो, आणि त्यामुळे हा उणेपणा बराचसा झाकला जाई. शिवाय पडदा तातीचा असल्याने वादकाच्या कानाला अंतिम निर्णय देता येत असे.

पडदा पक्का झाला की हा अधिकार कानाकडून मोजपट्टीकडे जातो. स्वर असा कायमचा बांधावा काय, हा वाद आपल्याकडेही झाला, आणि तो उपस्थित करणारे गृहस्थ सरकारी नोकरच होते, ही गोष्ट या मासिकाच्या वाचकांना जिव्हाळ्याची वाटेल. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या सहकार्याने स्वरांची मोजमापे घेतली आणि 1910 साली 22 श्रुतींविषयी इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. न्यायखात्यातील अर्नेस्ट क्लेमेंट्स यांच्या साहाय्याने पुढे श्रुती-हार्मोनियम सिद्ध झाली. 1916 साली बडोद्यास भरलेल्या संगीत परिषदेत ती मांडली गेली. परंतु ती सर्वमान्य झाली नाही. देवलांची निष्ठा निःसंशय मोठी होती. तथापि गळ्यातून निघणारा स्वर पट्टीत कायमचा बसवू गेल्यास कोणते प्रश्न उठतात, हेही त्या प्रयत्नाने दाखविले.

गिटारच्या बाबतीत हा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत निकालात निघाला होता. तात मागे पडून हस्तिदंत, अबनूस किंवा धातू यांचे पडदे खाचेत बसविले जाऊ लागले. त्याबरोबर सुरी जाऊन करवत आणि कानस आली, म्हणजे सुताराची हत्यारे आली. मग गिटार कोणाची, हा तंटा ओघाने आलाच. जर्मनीतील मार्कनोयकिर्खेन या गावी व्हायोलिन करणाऱ्यांच्या संघाने तक्रार केली, की लाकडी सामान करणाऱ्या सुतारांना गिटार करण्यास मनाई असावी. सुतारांनी आपला हक्क लढविला. याच सुतारांच्या घराण्यातील ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन 1833 साली अमेरिकेस गेला आणि त्याने तेथे आपल्या नावाची गिटार प्रसिद्धीस आणली.

मार्टिनच्या कारखान्यात दीर्घकाळ चौकोनी छेदाची धातूची पट्टी पडदा म्हणून ठोकली जाई. ती पाचरीसारखे काम करी. मान वाकली असेल तर किंचित जाड पट्ट्या ठोकून ती मागे रेटता येई. मात्र त्याला मुरलेला हात लागे. 1934 पासून त्या कारखान्यात आजच्या घाटाचा पडदा आला. वर गोल माथा, खाली पातळ पाते, आणि पात्याच्या अंगाला लाकूड धरून ठेवणारे बारीक दाते. धातू बहुधा जर्मन सिल्व्हर. नावात चांदी असली तरी तो तांबे, जस्त व निकेल यांचा मिश्रधातू आहे.

हा घाट कळला की हत्यारांची निवड सोपी होते. दाते लाकडात रुतलेले असल्याने पडदा उपटू नये. विजेच्या डागणीने तो तापवावा, म्हणजे सरस सैल होतो. मग टोकाकडून कापणारी, तोंड घासून सपाट केलेली पक्कड माथ्याखाली घालून एका कडेने हळूहळू उचलत जावे. खाच साफ करण्यास बारीक पात्याची करवत हवी. खाच साधारण 0.6 मिलिमीटर रुंद असते आणि जाड पात्याने ती रुंदावली तर नवा पडदा धरत नाही. ठोकण्यास पितळी तोंडाची हलकी हातोडी पुरते. त्यानंतर उंची सारखी करण्यास सपाट कानस, माथा पुन्हा गोल करण्यास तिधारी कानस, आणि या सर्वांच्या आधी, खरोखर सरळ अशी पोलादी पट्टी. पैसे थोडे असतील तर ते पट्टीवर आणि पकडीवर खर्चावेत. नव्या खाचा पाडण्याची साधने नवशिक्याने घेऊच नयेत. जागांचा हिशेब पूर्वीच कोणीतरी करून ठेवलेला आहे. आपले काम तो बिघडू न देण्याचे.

प्रस्तुत लेखकाकडे त्याच्या दिवंगत थोरल्या बंधूंची गिटार आहे. बदलीच्या प्रत्येक गावी ती सामानाबरोबर आली. तिच्या पहिल्या तीन पडद्यांवर तारांखाली खोल खळगे पडले आहेत. त्यापुढचे पडदे जवळजवळ कोरे आहेत. बंधूंना कोणते मोजके स्वरमेळ येत होते, ते त्यावरून आजही सांगता येते. ती झीज राखावी तर वाद्य वाजत नाही. वाद्य वाजावे म्हटले तर ती झीज काढावी लागते. ही निवड हत्यारांच्या निवडीहून अवघड होती, आणि ती करण्यास काही वर्षे लागली. अखेर निर्णय वाद्य वाजावे असाच झाला आहे. हत्यारांपैकी पट्टी आणि पक्कड आली आहेत. करवत यावयाची आहे. जुने पडदे क्रमांक घालून एका लखोट्यात ठेवावयाचे आहेत, आणि खाचांना मात्र जरुरीपेक्षा अधिक हात लावावयाचा नाही.