ब्रेक धरून राहणे

ब्रेक धरून राहणे : पेडलवरचा पाय काढल्यावरही पॅड डिस्कला किंवा लायनर ड्रमला घासत राहून चाक जखडण्याचा व तापण्याचा दोष. बोलण्यात ‘ब्रेक धरतो’, ‘ब्रेक जाम झाला’ असे म्हणतात. ब्रेकचे भाग बदलल्यावर तो उद्भवला, तर आणखी भाग बदलण्याआधी दाब कुठे अडकला आहे ते शोधावे.

लक्षणे : हैदराबादच्या दिलसुखनगर भागात हा दोष लवकर उघडा पडतो. सोलापूरकडून येऊन विजयवाड्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६५ मलकपेठ, दिलसुखनगर, चैतन्यपुरी, एल. बी. नगर असा भर वस्तीतून जातो. वर मेट्रोचा पूल, खाली रेंगाळणारी रहदारी आणि उन्हाळ्यात ४० अंशांच्या पुढचा पारा. सकाळी मोकळी पळणारी गाडी काही सिग्नलांनंतर जड होते, पेडल उंच व टणक लागते, चाकापाशी जळका वास येतो. गाडी निवली की चाक पुन्हा मोकळे. त्यामुळे गॅरेजात थंड गाडी तपासून दिलेला निर्वाळा फसवा ठरतो.

कारणे : पेडल सोडल्यावर मास्टर सिलिंडरचा पिस्टन पूर्ण मागे आला, तरच टाकीकडचे बारीक छिद्र उघडते आणि ब्रेक ऑइलवरचा दाब उतरतो. बूस्टरचा पुशरॉड किंचित लांब बसला किंवा ब्रेक लाइटचा स्विच पेडलला पुरते वर येऊ देत नसला, तर छिद्र झाकलेलेच राहते. मग ऑइल तापून प्रसरण पावते, दाब वाढतो, पॅड जास्त घासतात आणि ऑइल आणखी तापते. असा दोष सहसा एकाहून अधिक चाकांत दिसतो.

एकच चाक तापत असेल, तर त्या चाकापाशी शोध घ्यावा. डिस्क ब्रेकच्या कॅलिपरमधला पिस्टन मागे घेणारी स्प्रिंग नसते; दाबाने वाकलेली रबरी सील मूळ आकारात येताना त्याला केसभर मागे ओढते. पिस्टनवर गंज असला, कॅलिपरच्या पिना सुक्या पडल्या किंवा नवे पॅड खाचेत आवळून बसले, की एवढीशी हालचालही थांबते. जुना रबरी होज आतून फुगला, तर पायाच्या जोराने ऑइल पुढे जाते, पण परत फिरत नाही. मागच्या चाकांत हँडब्रेकची केबल ताणलेली राहणे हे नेहमीचे कारण. चुकून इंजिन ऑइल किंवा तत्सम खनिज तेल टाकीत पडले, तर रबरी सील फुगतात व दोष सगळीकडे पसरतो.

निदान : तपासणी दोष हजर असतानाच करावी. सपाट जागी चाकांना अटकाव लावून, गाडी जॅकवर न ठेवता स्टँडवर टेकवून, हँडब्रेक सोडून चाक हाताने फिरवावे. ते घट्ट असेल तर चष्मा व हातमोजे घालून कॅलिपरचे हवा काढण्याचे निपल थोडे उघडावे. ऑइलची चिळकांडी उडून चाक मोकळे झाले, तर दाब अडकला होता. चाक तसेच राहिले, तर पिस्टन, पिना, पॅड वा केबल अडली आहे.

दाब अडकल्याचे दिसल्यास निपल बंद करून दोष पुन्हा येऊ द्यावा आणि मास्टर सिलिंडरचे बूस्टरकडील नट एक-दोन आटे सैल करावेत. चाके सुटली, तर पुशरॉड किंवा पेडलची मांडणी चुकली आहे. न सुटल्यास होजच्या अलीकडचा धातूचा पाइप सैल करावा. तेव्हा चाक सुटले, तर अडथळा मास्टर सिलिंडरच्या बाजूला. न सुटले, तर होजमध्ये.

दक्षता : तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नये. डॉट ४ प्रतीच्या ताज्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. ओलावा शोषल्यावर तो १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो. ऑइल उकळले तर वाफ दबते, पेडल तळाला जाते आणि गाडी थांबत नाही. म्हणून चाक फार तापले असल्यास दुरुस्तीनंतर ऑइल बदलून हवा काढावी. शेवटी त्याच रहदारीत गाडी फिरवावी. पेडलची उंची बदलली नाही आणि दोन्ही बाजूंच्या चाकांची ऊब सारखी लागली, तरच गाडी मालकाच्या हाती द्यावी.