वस्तऱ्याची मूठ आणि हस्तिदंताची पारख

जुन्या घरांतील पेट्या उघडल्या म्हणजे त्यांत एखादी तरी विलायती वस्तु सांपडावयाचीच. आमच्या घरीं असा एक शेफील्डचा वस्तरा आहे. वारंवार पाजवून पातें अरुंद झालेलें, वर गंजाचे ठिपके, आणि मूठ सायीसारखी पिवळसर पांढरी. ही मूठ हस्तिदंती आहे असें आम्हांस वडिलांनीं सांगितलें, त्यांस त्यांच्या वडिलांनीं सांगितलें होतें, आणि आम्हीहि आल्यागेल्यास तेंच सांगत आलों. मध्यंतरीं एका स्नेह्यानें ती हातांत घेऊन शांतपणें विचारलें, "हें कशावरून?" आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. तें शोधीत असतांना जें हातीं लागलें, तें वाचकांस सादर करीत आहों.

इंग्लंडांतील शेफील्ड हें शहर सुऱ्या, कात्र्या व वस्तरे यांविषयीं फार जुन्या काळापासून प्रसिद्ध आहे. इ. स. १७४० च्या सुमारास बेंजामिन हंट्समन नांवाच्या घड्याळजीनें त्या भागांत मुशीमध्यें पोलाद वितळविण्याची रीति बसविली, आणि त्या एकजीव पोलादापासून बारीक व टिकाऊ धारेचीं पातीं होऊं लागलीं. पातें उत्तम झालें तशी मूठहि त्यास शोभेशी हवी. वस्तऱ्याची मूठ म्हणजे दोन पातळ पट्ट्या टांचण्यांनीं जोडून केलेलें पात्याचें घरच. ती शिंगाची, हाडाची, लाकडाची किंवा कांसवाच्या पाठीची करीत. पण श्रीमंतांच्या वस्तऱ्यास हस्तिदंत लागे. जोसेफ रॉजर्स अँड सन्स या तेथील नामांकित पेढीच्या कोठारांत हत्तींचे सुळे रचून ठेवलेले असत.

हे सुळे येत कोठून? एकोणिसाव्या शतकांत त्यांतील पुष्कळसे पूर्व आफ्रिकेचे असत. अंतर्भागांतून मजुरांच्या, आणि कित्येकदां गुलामांच्या, खांद्यांवरून ते किनाऱ्यास येत. तेथून झांझिबार, आणि झांझिबारहून मुंबई. या व्यापारांत कच्छी व्यापाऱ्यांचा हात मोठा होता. कांहीं माल बांगड्यांसाठीं या देशांत राही, कांहीं लंडनला जाई. म्हणजे जी वस्तु आपण विलायती म्हणून मिरवितों, तिची मूठ एकदां मुंबई बंदरावरून गेलेली असण्याचा संभव आहे!

मागणी वाढली तसा हस्तिदंत महागला. बिलियर्डचे चेंडूहि त्याचेच होत. इ. स. १८६३ त न्यूयॉर्कच्या फेलन आणि कॉलेंडर या बिलियर्ड-व्यापाऱ्यांनीं त्यास पर्याय शोधणारास १०,००० डॉलरांचें बक्षीस लाविलें. जॉन वेस्ली हायट यानें त्याच नादांत कापूर आणि नत्राम्लाचा संस्कार केलेला कापूस यांपासून सेल्युलॉइड सिद्ध केलें व १८७० त त्याचें पेटंट घेतलें. थोड्याच वर्षांत तें फण्यांपासून वस्तऱ्यांपर्यंत सर्वत्र शिरलें. कारागीर असे चतुर कीं, फिकट व गडद थर एकत्र दाबून त्यांनीं हस्तिदंताच्या रेषाहि उतरविल्या.

मात्र याच रेषांत नक्कल पकडतां येते. सुळा थराथरानें वाढतो. म्हणून खऱ्या पट्टीवरील रेषा कोठें दाट, कोठें विरळ, कांहींशा वांकड्या व मध्येंच लुप्त होणाऱ्या असतात. सुळा आडवा कापला असतां रेषा परस्परांस छेदून जाळी दिसते. जर्मन शास्त्रज्ञ श्रेगर यानें १८०० त तिचें वर्णन केलें, म्हणून ती त्याच्या नांवानें ओळखली जाते. वस्तऱ्याची पट्टी सुळ्याच्या लांबीच्या दिशेनें कापतात. सबब ही जाळी पट्टीच्या टोंकाशीं भिंगानें शोधावी. सेल्युलॉइडच्या रेषा वहीच्या आंखणीसारख्या सरळ व समान अंतरावर असतात. हाडावर बारीक काळसर ठिपके व चिरा दिसतात. त्या रक्तवाहिन्यांच्या वाटा होत. तापलेली सुई टोंचून पाहावी असा सल्ला कोणी देतात, तो वाचकांनीं मानूं नये. खरा हस्तिदंत तिनें डागाळतो, आणि सेल्युलॉइड क्षणांत पेट घेऊं शकतें.

आमची मूठ आम्हीं भिंगाखालीं धरली. रेषा मोजून मारल्यासारख्या सरळ. अंगठ्यानें घासतांच कापराचा वास आला. दुसरेंहि एक कोडें उलगडलें. जुनें सेल्युलॉइड कुजूं लागलें म्हणजे त्यांतून आम्ल वाफा सुटतात व मिटून ठेवलेल्या पात्यास गंज चढवितात. इतकीं वर्षें आम्ही कोंकणच्या दमट हवेस दोष देत होतों. अपराधी बहुधा पात्यास मिठी मारूनच बसला होता.

प्रथम मन खट्टू झालें. परंतु सुळ्याचा सुमारें तिसरा भाग हत्तीच्या कवटींत रुतलेला असतो, आणि सबंध सुळा काढावयाचा तर हत्तीस मारावेंच लागे. आफ्रिकी हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालण्याचें ठरलें तें १९८९ त. भारतांत १९७२ च्या वन्यजीव कायद्यास १९८६ व १९९१ त दुरुस्त्या होऊन त्याची खरेदी-विक्री बंद झाली. आमची मूठ खरी ठरती, तर तीन पिढ्या ज्याची प्रौढी मिरविली तें एका हत्तीचें मरण होतें, हेंहि मान्य करावें लागतें.

वस्तरा आम्हीं टाकला नाहीं. तो आतां पेटीबाहेर, हवेशीर फळीवर, दिव्यापासून दूर, पातें उघडें ठेवून मांडला आहे. कोणी विचारलें तर मूठ सेल्युलॉइडची आहे असें सांगतों, आणि तें कशावरून हेंहि सांगतों.